खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचे चित्र

बारावीची आणि प्रवेशपरीक्षांची धामधूम संपली की मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक घरांत एक मागणी पुढे येते: गेम खेळता येतील असा संगणक हवा. 'अभ्यासालाही होईल' हे वाक्य जोडीला असतेच, आणि ते अगदीच खोटे नसते. मग बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या दुकानातून कोटेशन येते. त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव असते, रॅम किती, एसएसडी किती हेही असते. आणि यादीतल्या सर्वांत महाग वस्तूपुढे पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते: 'ग्राफिक्स कार्ड ८ जीबी'. घरच्यांना त्यातून काही बोध होत नाही. ते शाळेतल्या विज्ञानाच्या नाहीतर संगणकाच्या सरांना, बाईंना विचारतात. सर इंटरनेटवर शोधतात, तर समोर रंगीत आलेखांचा ढीग येतो आणि प्रत्येक आलेखात निराळे कार्ड पहिले आलेले असते.

या कार्डांचे परीक्षण करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला येथे परीक्षण करावयाचे आहे ते खोक्यांवरच्या आकड्यांचे आणि त्या परीक्षणांचे. मध्यम किमतीची कार्डे, म्हणजे साधारण पंचवीस ते चाळीस हजार रुपयांची, आम्ही मुद्दाम निवडली आहेत. लाख रुपयांचे कार्ड घेणाऱ्याची निवड चुकली तरी त्याच्या हाती वेगवान कार्डच पडते. अगदी स्वस्त घेणाऱ्याची अपेक्षाच माफक असते. मधल्या किमतीत मात्र एका नावाच्या दोन वस्तू, जुन्याहून अरुंद झालेली नवी वस्तू, अर्धवट सांगितलेली संख्या, असे सगळे प्रकार सापडतात. आणि पैसे घालणारे घर असे असते की त्याला पुन्हा चार-पाच वर्षे हा खर्च करता येणार नसतो.

कार्ड काय करते ते आधी पाहू. १९२० × १०८० या मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके किंवा पिक्सेल असतात. गेम सुरळीत दिसायचा तर सेकंदाला ६० चित्रे लागतात असे धरू. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाश कुठून येतो, पृष्ठभाग कसला आहे, सावली पडते का, अशी अनेक गणिते असतात. ही गणिते बहुतांशी एकमेकांवर अवलंबून नसल्याने ती एकाच वेळी करता येतात. म्हणून प्रोसेसरमध्ये जिथे थोडे पण तरबेज गणिती असतात, तिथे ग्राफिक्स चिपमध्ये साधे गणिती हजारोंनी बसवलेले असतात. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या २०२३ सालच्या कार्डावर त्यांची संख्या ३०७२ आहे.

या गणितींना कच्चा माल लागतो, आणि तो कार्डावरच्या मेमरीत साठवलेला असतो. येथे दोन राशी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. गोदाम किती मोठे आहे, ही एक. तिचे एकक गिगाबाइट. गोदामातून माल किती वेगाने बाहेर येतो, ही दुसरी; तिचे एकक गिगाबाइट दर सेकंदाला. अंधेरीकरांना हा फरक समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोखले पूल बंद झाला तेव्हा पूर्वेकडची घरे कमी झाली नाहीत की पश्चिमेकडची दुकाने. मधली वाट तेवढी गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुलाची एक बाजू खुली होईपर्यंत दोन्हीकडच्या लोकांना अंतर तेच राहूनही वेळ कितीतरी अधिक मोजावा लागला. कार्डावरचा हा पूल म्हणजे मेमरीची बस. तिची रुंदी बिटमध्ये सांगतात. रुंदीला एका तारेवरच्या वेगाने गुणून आठने भागले की पुरवठ्याचा वेग मिळतो. ४०६० ची बस १२८ बिट, प्रत्येक तारेवर सेकंदाला १७ गिगाबिट; १२८ × १७ ÷ ८ = २७२ गिगाबाइट दर सेकंदाला. सातवीच्या मुलालाही जमणारे हे गणित खोक्याच्या दर्शनी बाजूला सहसा सापडत नाही. तिथे गोदामाचा आकडा ठळक असतो आणि पुलाची रुंदी शोधावी लागते.

आता काही उदाहरणे पाहू. २०१६ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन प्रकारांत विकले. ग्राहकाची साहजिक समजूत अशी होणार, की चिप तीच आणि मेमरी निम्मी. प्रत्यक्षात पहिल्यात १२८० गणिती होते आणि दुसऱ्यात ११५२, म्हणजे दहा टक्के कमी. नाव मात्र तेच. २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटांची बस होती. पुढे २०२२ च्या अखेरीस त्याच नावाने ८ जीबीचा प्रकार आला. त्याची बस १२८ बिट होती. पुरवठ्याचा वेग ३६० वरून २४० वर, म्हणजे थेट एक तृतीयांशाने खाली. ज्याने 'मला ३०६० हवे' म्हटले आणि दुकानदाराने ३०६० च दिले, त्या व्यवहारात कोणी खोटे बोलले नाही, आणि तरी ग्राहकाला दुसरीच वस्तू मिळू शकली. दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव देणे हा आमच्या मते या व्यवसायाचा सर्वांत मोठा दोष आहे. रसायनशाळेत दोन द्रावणांच्या बाटल्यांवर एकच चिठ्ठी लावली तर मुख्याध्यापक काय म्हणतील?

नवी पिढी जुनीपेक्षा वरचढ असणार, ही समजूतही तपासून घ्यावी. आरटीएक्स ३०६० टीआय हे डिसेंबर २०२० चे कार्ड २५६ बिटांचे होते, वेग ४४८. त्याच्या जागी मे २०२३ मध्ये आलेले ४०६० टीआय १२८ बिटांचे, वेग २८८. दोन्हींची जाहीर किंमत ३९९ डॉलर. कंपनीचे म्हणणे असे, की नव्या चिपमध्ये शेजारची छोटी जलद मेमरी, म्हणजे कॅश, ४ मेगाबाइटवरून ३२ मेगाबाइटपर्यंत वाढवली आहे, म्हणून पुलावर जाण्याची वेळच कमी येते. हा युक्तिवाद पोकळ नाही. स्वयंपाकघरात डबे भरलेले असले की वाण्याकडे खेपा कमी होतात. पण पडद्याचे माप वाढले, चित्रांचे तपशील वाढले की डबे पुरत नाहीत, आणि तिथे नव्या कार्डाची आघाडी आक्रसत जाते. म्हणजे ही सुधारणा अटींवर अवलंबून आहे, आणि अटी खोक्यावर छापत नाहीत.

अशा बाबतीत ओरड केल्याने फरक पडतो, याचे दोन दाखले आहेत. सप्टेंबर २०२४ नव्हे, बरोबर दहा वर्षे आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० वर ४ जीबी मेमरी होती. पण शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा फारच मंद होता. वापरणाऱ्यांनी मोजमापे करून हे दाखवल्यावर जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने ते मान्य केले. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. आपल्याकडच्या ग्राहकाला त्यात स्थान नव्हते. दुसरा दाखला २०२२ चा. आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली दोन भिन्न चिपांची कार्डे सप्टेंबरमध्ये जाहीर झाली, टीका झाली, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतले १२ जीबीचे कार्ड कंपनीने मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते ४०७० टीआय या नावाने, शंभर डॉलर कमी किमतीत आले. मध्यम किमतीच्या कार्डांसाठी मात्र एवढी ओरड झालेली आम्हांला दिसली नाही.

एएमडी कंपनीच्या कार्डांवरही प्रेमाने पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांचे जानेवारी २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी पाहा. कार्ड मदरबोर्डाला ज्या पट्टीने जोडले जाते तिच्यात सोळा मार्गिकांची सोय असते. या कार्डाला चारच मार्गिका होत्या, आणि मेमरीही ४ जीबीच. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या मुख्य रॅममधून या मार्गिकांवरून आणावा लागतो. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर चार मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट येतात. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर निम्मे. नव्या बोर्डावर ठीक चालणारे हे कार्ड जुन्या बोर्डावर काही गेममध्ये लक्षणीय मंद होते. आणि घरातल्या जुन्या संगणकात नवे कार्ड बसवणे हा तर आपल्याकडचा नेहमीचा मार्ग!

येथे परीक्षणांचा दोष उघड होतो. परीक्षक बहुधा उपलब्ध असलेला सर्वांत वेगवान प्रोसेसर आणि नवा बोर्ड वापरतात. त्यामागचे कारण शास्त्रीय आहे: एकच घटक बदलायचा तर बाकीचे घटक आड येता कामा नयेत. आम्हीही प्रयोगशाळेत हेच करू. परंतु त्या प्रयोगातून 'हे कार्ड त्या कार्डापेक्षा किती वेगवान' याचे उत्तर मिळते. 'माझ्या संगणकात बसवल्यावर काय होईल' हा प्रश्न निराळा राहतो. इंटेलचे डिसेंबर २०२४ मध्ये आलेले आर्क बी५८० याचे चांगले उदाहरण आहे. १२ जीबी मेमरी, १९२ बिटांची बस, ४५६ चा वेग आणि जाहीर किंमत २४९ डॉलर. कागदावर मध्यम वर्गातली फार चांगली वस्तू. पुढच्याच महिन्यात काही परीक्षकांनी ते जुन्या प्रोसेसरांवर चालवून पाहिले, तेव्हा कित्येक गेममध्ये वेग बराच घसरला. शिवाय या कार्डाला मदरबोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय चालू असावी लागते, आणि अनेक जुन्या बोर्डांत ती नसते. पहिल्या परीक्षणांत आकडे बरोबरच होते. फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकाचे होते.

यापेक्षाही जुना आणि शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा दोष सरासरीचा आहे. 'सरासरी ६० फ्रेम दर सेकंदाला' याचा अर्थ काय? समजा, एका कार्डाने एका सेकंदात ६० चित्रे काढली आणि प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद लागले. दुसऱ्याने ५५ चित्रे प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत काढली, म्हणजे ६६० मिलिसेकंद, आणि उरलेली ५ चित्रे प्रत्येकी ६८ मिलिसेकंदांत, म्हणजे ३४०. बेरीज तीच एक सेकंद, चित्रे तीच ६०, सरासरीही तीच. पण दुसऱ्या कार्डावर त्या पाच जागी पडदा गचके खातो. खेळणारा चडफडतो, आणि आलेखावर दोन्ही कार्डांचे दांडे सारख्याच उंचीचे दिसतात. वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास किती झाले ते कळत नाही, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

'टेक रिपोर्ट' या प्रकाशनाच्या स्कॉट वॉसन यांनी सप्टेंबर २०११ मध्ये हा प्रश्न नीट मांडला आणि प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजून छापायला सुरुवात केली. (पुढे ते एएमडी कंपनीतच गेले.) त्यांच्यामुळे आज बऱ्याच परीक्षणांत सरासरीशेजारी 'एक टक्का लो' असा आकडा दिसतो. तो चांगलाच, पण त्याची व्याख्या सर्वत्र एक नाही. कोणी सर्वांत मंद एक टक्का चित्रांची सरासरी घेतो, तर कोणी ९९ वे शततमक. तेव्हा एका परीक्षकाच्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नये. मेमरी कमी पडल्याची पहिली खूण याच आकड्यात दिसते. सरासरी पुष्कळ वेळ साळसूदपणे तशीच राहते. कारण उघड आहे. ४०६० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग २७२, आणि बोर्डाशी जोडणाऱ्या त्याच्या आठ मार्गिकांचा वेग नव्या बोर्डावर सुमारे १६. ज्या चित्राला माल बाहेरून आणावा लागला त्याचा वेळ एकदम वाढतो.

नव्या काळाने सरासरीला आणखी एक फाटा फोडला आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले, की ५४९ डॉलरचे नवे आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या १५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी करील; कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे शक्य झाले, असेही ते म्हणाले. यातली मेख अशी, की नव्या कार्डात एक चित्र खरोखर काढले की त्याच्या जोडीला तीनपर्यंत चित्रे अंदाजाने तयार करून मध्ये घालता येतात. चार चित्रांतले गणिताने काढलेले एकच. मधली चित्रे बनवायला पुढचे खरे चित्र हाती यावे लागते, तोपर्यंत ते रोखून धरावे लागते. आणि त्या मधल्या काळात खेळणाऱ्याने दाबलेल्या कळीची दखल मधल्या चित्रांत नसते. खरी ३० चित्रे असताना पडद्यावर १२० दिसली तर हालचाल गुळगुळीत वाटते, पण हाताला मिळणारा प्रतिसाद ३० चाच, किंवा किंचित वाईट. दाखवण्याची एक युक्ती म्हणून आम्हांला ती आवडते. तिला कामगिरीचे माप म्हणणे आम्हांला मान्य नाही. कमी मापाचे चित्र काढून ते हुशारीने मोठे करण्याची जी दुसरी पद्धत आहे, ती मात्र मध्यम कार्डांना खरोखर उपयोगी पडते.

हे सारे आकडे अखेर एका पडद्यावर आणि एका खोलीत यायचे असतात. घरातला पडदा सेकंदाला ६० वेळाच ताजा होत असेल तर १४० चित्रे काढणाऱ्या कार्डाची बरीचशी मेहनत दिसतच नाही. अशा घरी कार्डातले पाच हजार वाचवून पडद्यात घालणे अधिक शहाणपणाचे.

खोलीचा विचार तर फारच थोडे करतात. साधारणपणे ही परीक्षणे २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कार्डाची वाढ. तिथे ६५ अंश दाखवणारे कार्ड मे महिन्यात ३३ अंशांच्या बोरिवलीत ७६-७७ च्या आसपास जाणार. त्यातून संगणकाचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबला, किंवा शोभेसाठी पुढे पूर्ण काच असलेला घेतला, तर आणखी वर. तापमान मर्यादेला टेकले की चिप आपणहून वेग कमी करते. शिवाय खेळताना २५० वॉट ओढणारा संगणक ती सगळी वीज अखेर उष्णता म्हणून खोलीतच सोडतो. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत आणखी अडीच माणसे येऊन बसल्यासारखे. विजेच्या बिलाचा बाऊ मात्र आम्हांला वाजवीपेक्षा जास्त वाटतो. ३०६० चे १७० वॉट आणि ४०६० चे ११५, फरक ५५ वॉट. रोज चार तास धरले तरी महिन्याला साडेसहा युनिटे. बिल अदानीचे असो की मुलुंडसारखे महावितरणचे, वरच्या टप्प्याच्या दराने गुणून पाहावे.

किमतीच्या बाबतीत परदेशी परीक्षणांतला 'एका फ्रेममागे किती डॉलर' हा आलेख जसाच्या तसा घेऊ नये. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. ४०६० ची २९९ डॉलर ही किंमत जून २०२३ च्या सुमारे ८२ रुपयांच्या दराने साडेचोवीस हजार, आणि करासह एकोणतीस हजारांच्या घरात जात होती. शिवाय सगळ्या कार्डांचे भाव येथे सारख्या प्रमाणात चढत नाहीत, त्यामुळे क्रमच बदलतो. भागाकार आपला आपण करावा. भाव काढायला लॅमिंग्टन रोड अजूनही उपयोगी आहे. बोरिवली-अंधेरीहून ग्रँट रोड सरळ पडते, मुलुंड-घाटकोपरकरांना दादरला गाडी बदलावी लागते. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. कच्च्या पावतीवर हजार-दीड हजार वाचतात आणि वॉरंटीच्या वेळी बोलाचाली होते. जुन्या कार्डांबद्दल एवढेच, की सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डे बाजारात आली. तासभर चालवून दाखवल्याशिवाय ती घेऊ नयेत.

आमचे मत विचारले तर असे: १०८० पडद्यासाठी ८ जीबीचे कार्ड पंचवीस हजारांच्या आसपास मिळत असेल तर ठीक, पस्तीस हजारांना ते घेऊ नये, त्या किमतीत १२ किंवा १६ जीबीचा आग्रह धरावा. विद्यार्थ्याला पुढे यंत्रशिक्षणाचे प्रयोग करायचे असतील तर हा आग्रह आणखी पक्का, कारण तिथे मेमरीत न मावणारे प्रारूप चालतच नाही. जुन्या बोर्डासाठी आठपेक्षा कमी मार्गिकांचे कार्ड नको. आणि कोटेशनच्या त्या ओळीत कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी, बसचे बिट आणि वॉट हे चारही लिहून मागावेत. लॅपटॉप असेल तर वॉट विशेष करून, कारण लॅपटॉपमधले ४०६० ३५ पासून ११५ वॉटांपर्यंत कितीही असू शकते, आणि नाव तेच असते.

ज्या घरी कार्ड आलेच आहे, तिथल्या विद्यार्थ्याकडून एक प्रयोग करून घेता येईल. 'प्रेझेंटमॉन' हे इंटेलचे साधन फुकट मिळते आणि प्रत्येक चित्राला लागलेला वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते. दहा मिनिटे गेम खेळला की ६० च्या वेगाने सुमारे ३६,००० संख्या जमतात. त्या स्प्रेडशीटमध्ये घालून सरासरी, मध्यक आणि ९९ वे शततमक काढावे, वारंवारतेचा आलेख काढावा. मग गेममधला चित्रांचा दर्जा एक पायरी वाढवून सगळे पुन्हा करावे. आलेखाची उजवीकडची शेपटी कोणत्या पायरीला लांबते ते फळ्यावर दाखवायला अकरावीच्या सांख्यिकीची एक तासिका पुरते.